सरपंचबाईंचा खोकला आणि माझे दोन गुण

माझ्याकडे अठ्ठावीस गुण होते आणि लागत होते तीस.

ही बातमी मी जेवताना घरी सांगितली. माझी बायको प्रभावती वाढता वाढता थांबली आणि म्हणाली, "तुमच्या आईंनी तर पत्रिका बघून एकतीस सांगितले होते." मी म्हणालो, ते गुण वेगळे, हे वेगळे. ते एकदा मोजले की जन्मभर पुरतात, हे दर पाच वर्षांनी मोजतात. "पद्धत चांगली आहे," ती म्हणाली, आणि माझ्याकडे गरजेपेक्षा जरा जास्त वेळ बघत राहिली.

प्रकरण असं होतं. पूर्वी माणूस एकदा डॉक्टर झाला की मरेपर्यंत डॉक्टरच राहायचा, त्याला कुणी परत काही विचारायचं नाही. मग मुंबईच्या मेडिकल कौन्सिलला शंका आली की डॉक्टर विसरत असतील. तेव्हापासून नियम निघाला. पाच वर्षांत तीस तास एखाद्या हॉलमध्ये बसून नव्या उपचारांवरची भाषणं ऐकायची. एका तासाला एक गुण. तीस गुण भरले तर नोंदणी पुढे चालू, नाहीतर दवाखान्यावरची पाटी उतरवायची. वाचताना हे सोपं वाटतं. पण डॉक्टर ऐकणारा प्राणी नाही, सांगणारा आहे. पेशंट "पोटात..." म्हणाला की आमचं अर्धं प्रिस्क्रिप्शन लिहून झालेलं असतं. अशा माणसाला तीस तास ऐकायला लावणं म्हणजे शिक्षाच.

तरीही मी अठ्ठावीस तास ऐकलं होतं. उरलेले दोनही मिळाले असते, पण फेब्रुवारीत जालन्याला घोळ झाला. एका मोठ्या हॉटेलात व्याख्यान होतं. परतूरहून बस उशिरा पोचली, मी धावत जिना चढलो, पहिलं उघडं दार दिसलं त्यात शिरलो, सही केली, फाइल आणि पेन घेतलं आणि मागच्या रांगेत बसलो. विषय होता, बाळंतपणानंतर कॅल्शियम कमी पडणे. वक्ता फार छान बोलत होता. मी चार पानं टिपणं काढली. डोस जरा जास्त वाटला, पण म्हटलं नवं संशोधन असेल. ‘इंजेक्शननंतर रुग्ण उठून उभा राहिला तरी नाकातली दोरी सोडू नये,’ या वाक्याला मला पहिल्यांदा शंका आली.

पशुवैद्यकांचा कार्यक्रम होता तो. माणसांचा समोरच्या हॉलमध्ये होता आणि तोवर संपला होता. मी तरीही प्रमाणपत्र घेतलं, कारण बसलो तर होतोच, आणि आशेनं मुंबईला पाठवून दिलं. आठ दिवसांत ते परत आलं. वर तांबड्या शाईनं शेरा होता, ‘विषय ग्राह्य, प्राणी अग्राह्य.’

आष्टीतल्या माझ्या दवाखान्यातल्या कंपाउंडरचं नाव अण्णासाहेब आहे. त्यामुळे दवाखान्यात नवा माणूस आला की आधी त्याच्या पाया पडतो आणि मग मला विचारतो, डॉक्टर कधी येणार. या अण्णासाहेबानं ते प्रमाणपत्र फ्रेम करून भिंतीवर लावलं. म्हणाला, "सरकारी शिक्का हाय त्याच्यावर. वाया कामून घालवायचा?" तिसऱ्या दिवशी दारात दोन शेळ्या आणि एक गाभण म्हैस उभी होती. म्हैसवाला म्हणाला, घाई नाही, माझा नंबर आला की सांगा.

मार्च उजाडला. एकतीस मार्च दोन हजार सात ही शेवटची तारीख होती. मराठवाड्यात त्याआधी एकही व्याख्यान उरलं नव्हतं. मी कपाळाला हात लावून बसलो होतो तेव्हा अण्णासाहेब सुया उकळता उकळता म्हणाला, "डॉक्टरसाहेब, तुमी कवापासून गुणामागं पळून राह्यले. त्यायलाच आष्टीला बोलवा की."

दुर्दैवानं मला ते पटलं.

मी कौन्सिलला अर्ज केला आणि आश्चर्य म्हणजे परवानगी आली. अटी चारच होत्या. किमान पंचवीस एमबीबीएस डॉक्टर हजर पाहिजेत. प्रत्येकानं येताना आणि जाताना सही करायची. शास्त्रीय कार्यक्रम पूर्ण दोन तासांचा पाहिजे. आणि औरंगाबादहून एक निरीक्षक येतील, त्यांचं घड्याळ अंतिम मानलं जाईल.

व्याख्यानाला औरंगाबादच्या डॉ. उषा मॅडम तयार झाल्या. विषय, उच्च रक्तदाबावरील उपचार. आता फक्त हॉल पाहिजे होता. आष्टीत हॉल एकच, भागचंदशेठचं मंगल कार्यालय.

"हॉल फुकट घ्या डॉक्टरसाब," भागचंदशेठ म्हणाले. मला गहिवरून आलं. "खर्चा बिलकुल मागत नाय. फक्त सुरुवातीला आमच्या बापूजींच्या फोटोला एक हार. आन स्टेजवर माझी एक खुर्ची. आन तीन वाजता बराबर खाली करून द्या. तीनला साखरपुडा आहे."

एक हार आणि एक खुर्ची. यात नाही म्हणण्यासारखं काय होतं? मी हो म्हणालो, आणि माझं नशीब फिरलं ते तिथेच.

भागचंदशेठचा सत्कार होणार ही बातमी तासाभरात रामरावला कळली. रामराव म्हणजे आमच्या सरपंच गोजरबाई यांचा मुलगा. गोजरबाई महिला राखीव जागेवर निवडून आलेल्या, वयानं साठीच्या, अंगानं काटक आणि चौथीपर्यंत शिकलेल्या. पण गावात त्यांच्या वतीनं सगळं रामरावच बोलायचा. याचं कारण राजकारण नव्हतं, वैद्यकीय होतं. गेली दोन वर्षं गोजरबाई बोलायला लागल्या की त्यांना खोकला यायचा. "मंडळी" म्हणेपर्यंत ठीक असायचं, त्यापुढे ढास लागायची. मग रामराव उठून म्हणायचा, "आईला असं म्हणायचंय की..." आणि पाऊण तास स्वतःचं बोलायचा. खोकल्यावर उपचार माझेच चालू होते, त्यामुळे या विषयावर मी चारचौघांत फारसं बोलत नसे.

रामराव दवाखान्यात येऊन बसला. "शेठचा सत्कार आन सरपंचाचा न्हाई? गावात काय तोंड दाखवावं आमी?"

"सत्कार असा नाहीच आहे रामराव. अभ्यासाचा कार्यक्रम आहे. डॉक्टर लोक येणार, ऐकणार, जाणार."

"मंग आईबी येईन, ऐकंन, जाईन. फक्त मधी एक शाल-नारळ."

मी यादीत गोजरबाईंचं नाव घातलं. सरपंच म्हटल्यावर गावातल्या दुसऱ्या गटाचे अप्पाराव आले, ते माजी सरपंच. माजी आला म्हणून त्याच्याही आधीचा आला. अंकुशनगरच्या साखर कारखान्याचे एक संचालक काकासाहेब आष्टीचे जावई निघाले. जावयाला वगळून आष्टीत कुणीही आजवर कार्यक्रम केलेला नाही. संचालकांना मधुमेह आहे. हा विनोद आमच्या जिल्ह्यात इतका जुना झालाय की आता त्यावर खुद्द संचालकही हसत नाहीत. जांब समर्थला एक भजनी मंडळ आहे, त्याच्या अध्यक्षांनी स्वतःहून कळवलं की त्यांना त्या दिवशी वेळ आहे.

बारा दिवसांत यादी बावीस नावांवर गेली. एका दुपारी प्रभावतीनं ती वरपासून खालपर्यंत वाचली आणि शांतपणे विचारलं, "कार्यक्रम डॉक्टरांचा आहे ना? मग यात डॉक्टर कुठे आहेत?"

खरंच, डॉक्टर राहिलेच होते. मी आणि अण्णासाहेब मोटारसायकलवर निघालो. परतूर, मंठा, घनसावंगी, अंबड. गुण कुणाला नको होते? पण प्रत्येक जण आधी एकच विचारायचा, "जेवण आहे का?" जेवण आहे म्हटलं की दुसरा प्रश्न, "गोड काय?" मी शिरा सांगत गेलो. चार दिवसांत मला धरून सव्वीस डॉक्टर झाले. म्हणजे एक जास्तीचा. त्या एका जास्तीच्या डॉक्टरवर मी त्या रात्री निवांत झोपलो.

निमंत्रणपत्रिका छापायला अण्णासाहेबाला परतूरला पाठवलं. तिथला प्रेसवाला म्हणाला, मार्च अखेर आहे, नवं काही जुळवायला वेळ नाही, लग्नाचा साचा तयार आहे, त्यातच मजकूर बसवून देतो. अण्णासाहेबाला ते स्वस्त वाटलं. पत्रिका हातात आली तेव्हा वर गणपती होता, दोन्ही बाजूंना केळीचे खांब होते, आणि खाली लिहिलं होतं: ‘उच्च रक्तदाब. शुभमुहूर्त: रविवार दि. २५ मार्च, सकाळी ११ वा. ३७ मि. कृपया आहेर आणू नये.’

"अकरा सदतीस कुठून आलं?" मी विचारलं.

"दहा वाजता मुहूर्तच न्हवता," अण्णासाहेब म्हणाला. "म्या पंचांग पाहून आल्तो."

तोवर शंभर पत्रिका वाटून झाल्या होत्या.

रविवार उजाडला. निरीक्षक सकाळी साडेनऊलाच आले. बारीक अंगाचे, इस्त्रीचा शर्ट, खिशात दोन पेनं. पहिल्या रांगेत बसले, मनगटावरचं घड्याळ सोडून समोरच्या टेबलावर ठेवलं आणि हाताची घडी घातली. मी चहा विचारला. "चहाची मिनिटं शास्त्रीय धरत नाही," ते म्हणाले.

अकरा सदतीसपर्यंत एकही डॉक्टर आला नाही. अकरा सदतीसला सगळे एकदम आले, जसे लग्नाला येतात. चार जण बायकामुलांसह होते. मंठ्याच्या डॉक्टरांनी ‘आणू नये’ वाचूनही स्टीलचा डबा आणला होता आणि तो कुणाला द्यायचा हे विचारत ते हॉलभर फिरत होते. शेवटी त्यांनी तो उषा मॅडमना दिला.

सव्वीस सह्या झाल्या. मग मी दारात जाऊन पाहिलं तर सगळ्यांच्या चपला-बूट गायब. अण्णासाहेब एका फुगलेल्या पोत्यावर बसला होता.

"हे काय?"

"डॉक्टर लोकायचा भरवसा न्हाई. सही केली की सटकतेत. म्या समद्यायची पादत्राणं पोत्यात बांधून ठेवली. तीन वाजता सोडीन."

"निरीक्षकांचे बूटपण?"

"त्येच तर सगळ्यात खाली हायेत," अण्णासाहेब म्हणाला.

सूत्रसंचालन रामरावकडे होतं. ते त्याच्याकडे कुणी दिलं हे मला अजूनही माहीत नाही. माइक हातात आला आणि त्यानं सुरू केलं. बापूजींच्या फोटोला हार. भागचंदशेठचा सत्कार. सत्काराला उत्तर म्हणून भागचंदशेठची बारा मिनिटं, त्यात कार्यालयाच्या फरशीचा इतिहास. मग अप्पाराव. मग माजी सरपंच म्हणून अप्पारावांच्या आधी आपलं नाव का नाही, यावर त्यांच्या आधीचे. माझी नजर टेबलावरच्या घड्याळावर होती. निरीक्षकांनी वहीत पहिली नोंद केली. मी मागून वाकून वाचली: ‘११.३७ ते १२.३५, शास्त्र: शून्य.’

मी हिशेब केला. बारा पस्तीसला सुरू केलं तर दोन पस्तीसला दोन तास भरतात. मी रामरावच्या हातातून माइक जवळजवळ ओढूनच घेतला आणि उषा मॅडमना बोलावलं. प्रोजेक्टर लागला. पहिली स्लाइड, दुसरी स्लाइड. मॅडम सुरेख बोलत होत्या. डॉक्टर ऐकत होते, निदान शिऱ्याच्या दिशेनं तरी बघत नव्हते. अकराव्या मिनिटाला लाइट गेली. भारनियमनाच्या वेळापत्रकात रविवार दुपार नव्हती, पण वेळापत्रक आणि लाइट यांची आमच्याकडे ओळख नाही. भागचंदशेठचा जनरेटर सुरू झाला, पंखे फिरले, आणि प्रोजेक्टरमधून आधी धूर आला, मग वास आला, मग काहीच आलं नाही.

"अकरा मिनिटं," निरीक्षक म्हणाले आणि लिहिलं.

जालन्याहून दुसरा प्रोजेक्टर यायला दोन तास लागणार होते. मॅडम म्हणाल्या, माझं सगळं स्लाइडवर आहे हो. मी हॉलच्या मधोमध उभा राहिलो. माझ्या डोळ्यांसमोर दवाखान्याची पाटी उतरत होती. अण्णासाहेब ती मागच्या बाजूनं रंगवून ‘येथे शेळ्या तपासून मिळतील’ असं लिहीत होता. त्याच वेळी घनसावंगीच्या एका डॉक्टरला अडलेल्या बाईसाठी फोन आला. तो दारात अण्णासाहेबाशी वाद घालून शेवटी अनवाणीच गेला. पंचवीस उरले. मला धरून.

रामरावनं पडलेला माइक उचलला. "लाइट येस्तोवर राह्यलेले सत्कार उरकून घेऊ. आष्टी गावच्या प्रथम नागरिक, माझ्या मातोश्री."

गोजरबाई उठल्या. शाल घेतली, नारळ घेतला. रामराव सवयीनं माइककडे वळला, पण त्यांनी माइक स्वतःच्या हातात घेतला. "थांब रे," त्या म्हणाल्या. "आज पंचवीस डॉक्टर हायेत म्होरं. माझं मी बोलते."

"मंडळी," त्या म्हणाल्या, आणि ढास लागली.

सभेत माणूस खोकला की लोक दुसरीकडे बघतात. डॉक्टर बघत नाहीत. ते ऐकतात. मी पाहिलं, चोवीस जणांच्या माना एकाच कोनात तिरप्या झाल्या होत्या. सकाळपासून पहिल्यांदाच तो हॉल ऐकत होता.

"दोन वर्सं झाली," गोजरबाई म्हणाल्या. खोकल्या. "कफ न्हाई, ताप न्हाई. नुसतं घशात कुसळ आडकल्यावाणी." खोकल्या. "आमच्या डॉक्टरनं लई विलाज केले. आधी म्हणले, चुलीचा धूर बाधतो, चूल बाहीर काढा. काढली. मंग म्हणले, मांजर बाधतंय. मांजर लेकीच्या घरी धाडलं. ते तिथून दोनदा परत आलं. मंग धा बाटल्या पाजल्या. लाल, पिवळी, हिरवी. छातीचे फोटो काढले तीन."

"आईला असं म्हणायचंय की..." रामराव म्हणाला.

"तू खाली बस," गोजरबाई म्हणाल्या.

उषा मॅडम खुर्चीतून उठल्या होत्या. "आजी, दुसरी कुठली गोळी रोज घेता?"

"बीपीची. पांढरी, बारकी. तीन वर्सं झाली." गोजरबाईंनी कमरेच्या पिशवीतून पाकीट काढून दाखवलं.

मॅडमनी पाकीट वाचलं. ते पहिल्या रांगेत दिलं. पहिल्या रांगेनं वाचून दुसऱ्या रांगेला दिलं. पाकीट जसजसं मागे जात होतं तसतसे चेहरे बदलत होते. ही गोळी रक्तदाबाला उत्तम. पण घेणाऱ्यांपैकी काहींना तिच्यामुळेच कोरडा खोकला येतो. गोळी बदलली की खोकला जातो. बाटली लागत नाही, फोटो लागत नाही, मांजर तर अजिबात लागत नाही. हे प्रत्येक डॉक्टरला माहीत असतं. मलाही माहीत होतं. शेवटच्या वर्षाच्या परीक्षेत हा प्रश्न पाच मार्कांना होता आणि मला त्यात साडेचार होते.

पण गोळी मी एका वर्षी दिली होती आणि खोकला घेऊन बाई दुसऱ्या वर्षी आल्या होत्या. मधे माझी कुणी परीक्षा घेतली नव्हती.

"ही रुग्ण-चर्चा आहे," निरीक्षक अचानक म्हणाले. त्यांनी खिशातून नियमांचं पुस्तक काढलं होतं आणि त्यांच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा थोडा जिवंतपणा दिसत होता. "नियम सव्वीस. प्रत्यक्ष रुग्णावर झालेली चर्चा शास्त्रीय वेळेत धरता येते. स्लाइडची गरज नाही. अट एकच. उपचार करणाऱ्या डॉक्टरनं स्वतः उभं राहून रुग्णाची माहिती द्यायची आणि प्रश्नांना उत्तरं द्यायची. एक वाजून अकरा मिनिटं झालीत. तीनला हॉल सोडायचा आहे ना? अकरा आधीचे, एकशे नऊ हे. बरोबर दोन तास होतात." त्यांनी पेन उघडलं. "रुग्ण कुणाचा?"

आष्टीत एमबीबीएस डॉक्टर तीन आहेत आणि तिघंही हॉलमध्ये होते. उरलेले दोघं एकमेकांकडे बघत होते, म्हणजे नाव अजून फुटलं नव्हतं. गोजरबाईंनी ‘आमचे डॉक्टर’ एवढंच म्हटलं होतं. त्या माझ्याकडे बघतसुद्धा नव्हत्या, मुद्दाम छताच्या पंख्याकडे बघत होत्या. रामरावनं तोंड उघडलं तर त्यांनी त्याच्या पायावर पाय ठेवला.

मी गप्प बसलो असतो तर अब्रू वाचली असती आणि पाटी गेली असती. उठलो असतो तर पाटी वाचली असती, पण ती वाचून परतूर तालुक्यातलं पोर न् पोर म्हणालं असतं, हाच तो मांजरवाला. मी दोन्ही बाजूंनी विचार केला. तेवढ्यात गोजरबाई परत खोकल्या. हा खोकला भाषणातला नव्हता. त्या गप्पच होत्या आणि तरी खोकल्या. दोन वर्षं मी तो आवाज कागदावर ‘कोरडा खोकला, कमी आहे’ असा लिहीत होतो. कमी नव्हता.

मी उभा राहिलो. "माझा," मी म्हणालो.

सुरुवातीची दहा मिनिटं मला नीट आठवत नाहीत. एवढं आठवतं की मांजराचा रंग कोणता, असा एक प्रश्न आला आणि तो अंबडहून होता. मी सगळं सांगितलं. गोळी कधी, खोकला कधी, बाटल्यांची नावं. उषा मॅडमनी वधूवरांची नावं लिहायच्या फळ्यावर खडूनं समजावलं, कुठली गोळी बंद करायची आणि तिच्या जागी कुठली. स्लाइडवर जे सांगणार होत्या तेच सांगितलं, फक्त आता ते गोजरबाईंविषयी होतं.

आणि मग एक गोष्ट घडली जी पत्रिकेत नव्हती. मंठ्याचे डबावाले डॉक्टर हळूच उठले. "माझ्याकडे एक आजोबा आहेत," ते म्हणाले. "ह्याच गोळीवर. मी त्यांना विडी सोडायला लावली." मग म्हणाले, "विडी सोडली हे बरंच झालं. पण खोकला आहेच." त्यांच्या मागे परतूरचे एक उठले. मग अंबडचे, ज्यांना मांजराचा रंग हवा होता. तीन वाजेपर्यंत सात जण उठले. एकानं पेशंटला घर बदलायला लावलं होतं. मांजर मग त्यामानानं काहीच नव्हतं, आणि मी खुर्चीत जरा सरळ बसलो.

पावणेतीनला साखरपुड्याच्या बायका आल्या. त्यांना वाटलं, मागचा समारंभ लांबला. त्या पाठीमागे बसून ऐकू लागल्या. दोन मिनिटांनी त्यांच्यातल्या एका बाईनं पिशवीतून गोळ्यांचं पाकीट काढून पुढे पाठवलं. "ही त्येच हाय का बघा बरं." तीच होती. भागचंदशेठ दारात उभे राहून घड्याळ बघत होते, पण बाई वरमाय होती, त्यामुळे ते काही बोलले नाहीत.

तीनच्या ठोक्याला निरीक्षकांनी घड्याळ मनगटावर बांधलं. "एकशे वीस," ते म्हणाले. पंचवीस सह्या झाल्या. शिरा थंड होऊन त्याच्या वड्या पडल्या होत्या. सगळ्यांनी त्या वड्या म्हणूनच खाल्ल्या आणि आचाऱ्याचं कौतुक केलं. निरीक्षकांचे बूट पोत्याच्या तळाशी सापडायला मात्र पाचपर्यंत वेळ लागला. सत्काराचे राहिलेले अठरा नारळ अजून आमच्या घरी आहेत. काकासाहेब जावई न जेवता गेले. सत्कार सरपंचबाईंच्या नंतर ठेवला आणि झालाच नाही, या दोन्ही कारणांनी ते रागावले होते.

एप्रिलमध्ये कौन्सिलचा कागद आला. तीस गुण, नोंदणी पुढील पाच वर्षांसाठी कायम. सोबत अहवालाची प्रत होती. वक्ते या रकान्यात दोन नावं होती. डॉ. उषा, विषय उच्च रक्तदाब, अकरा मिनिटं. डॉ. धर्मराज, म्हणजे मी, विषय स्वतःचा रुग्ण, एकशे नऊ मिनिटं. अण्णासाहेबानं तीही फ्रेम करून आणली. आता ती शेळ्यांच्या प्रमाणपत्राशेजारी आहे.

गोजरबाईंचा खोकला तीन आठवड्यांत गेला. मांजर परत आलं, तेही चौथ्या आठवड्यात.

मे महिन्यात एका दुपारी रामराव दवाखान्यात आला. पेशंट जाईपर्यंत बाकावर बसून राहिला, मग आत आला आणि दार लोटून घेतलं. चेहरा उतरला होता.

"काय त्रास आहे रामराव?"

"मला न्हाई, आईला."

"परत खोकला?"

"न्हाई ना. त्योच त्रास हाय." त्यानं आवाज खाली आणला. "डॉक्टर, परवाच्या ग्रामसभेत आई सव्वा तास बोलली. सलग. पाणीसुदिक पेली न्हाई. टँकरचं इचारलं, गटारीचं इचारलं, माझ्याच गुत्तेदारीच्या बिलाचं माझ्याच म्होरं इचारलं. म्या म्हणलं, आईला असं म्हणायचंय की... तर लोक म्हणले, बस खाली, आईला काय म्हणायचंय ते आईच सांगून राह्यली. आन दुसरं म्हंजे, आधी ती पंचायतीत यायची तर गल्लीच्या तोंडाला खोकला ऐकू यायचा. ग्रामसेवक पत्ते आवरायचा. आता कवा मागं येऊन उभी राहती, कळतच न्हाई. हप्त्यात तीनदा धरलं तिनं." तो टेबलावर वाकला. "ती जुनी गोळी कुठं भेटन का? पांढरी, बारकी?"

मी उत्तर द्यायच्या आधी त्याच्या मागचं दार हललं. कुणी खोकललं नाही, कुणी खाकरलं नाही. नुसतं हललं.

"डॉक्टर," गोजरबाई म्हणाल्या, "ह्याला काय होऊन राह्यलंय?"

रामरावला मागे वळायचं धाडस झालं नाही. तो तसाच माझ्याकडे बघत राहिला. मी प्रिस्क्रिप्शनची वही ओढली, तारीख घातली आणि पेन खाली ठेवलं.

"घाई नाही, सरपंचबाई," मी म्हणालो. "आधी सगळं ऐकून घेतो."